पाण्याचें कूळ

ऋषीचें कूळ आणि नदीचें मूळ शोधूं नये, असें आपल्याकडे म्हणतात. परंतु नदीच्या मुळाच्याहि पलीकडे जाऊन खुद्द पाण्याचेंच कूळ शोधण्याचा खटाटोप युरोपांतील कांहीं पंडितांनीं अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत केला, आणि त्यांतून जितकें ज्ञान निघालें तितकेंच भांडणहि निघालें. पाणी हें मूलद्रव्य नसून हायड्रोजन व ऑक्सिजन या दोन वायूंच्या संयोगानें झालेला पदार्थ आहे, ही गोष्ट आज शाळेंतील मुलाला ठाऊक असते. ती पहिल्यानें कोणाला ठाऊक झाली असें विचारलें तर मात्र उत्तर सोपें नाहीं. इंग्लंडांतील एक अबोल सरदारपुत्र, बर्मिंगहॅम येथें वाफेचीं यंत्रें करणारा एक स्कॉच कारागीर, आणि फ्रान्सच्या राजाचे कर वसूल करणारा एक इजारदार, अशा तिघांच्या वतीनें या शोधावर हक्क सांगण्यांत आला. आणि तिघेहि मरून गेल्यावर त्यांच्या कैवाऱ्यांनीं तो वाद पुन्हां नव्या जोमानें मांडला. नीरक्षीरविवेक हंसाला साधतो अशी कविकल्पना आहे. येथें तर निव्वळ नीरच होतें, आणि विवेक करावयाचा होता तो श्रेयाचा.

पाणी हें एक मूलतत्त्व आहे ही समजूत फार जुनी. आपल्या पंचमहाभूतांत आप आहे, ग्रीकांच्या चार तत्त्वांत तें आहे, आणि मायलीटसचा थेलीझ याच्या मतें तर साऱ्या विश्वाचें मूळच पाणी. आमच्या तार्किकांनीं शीत स्पर्श हें पाण्याचें लक्षण ठरविलें, आणि पाणी तापलें तर ती ऊब पाण्याची नव्हे, त्यांत शिरलेल्या तेजाची, असें म्हणून तें लक्षण सांभाळलें. या समजुतीला हंसण्याचें कारण नाहीं. लांकूड जाळलें कीं राख व धूर वेगळे होतात, दूध नासलें कीं चोथा व निवळी वेगळी होते. पण पाणी उकळलें तर वाफ होते, आणि वाफ निवली कीं पुन्हां तेंच पाणी. जें कोणत्याहि उपायानें फुटत नाहीं त्याला मूळ पदार्थ म्हणावयाचें नाहीं तर काय म्हणावयाचें?

उलट, पाण्यापासून दुसरे पदार्थ होतात असें मात्र दिसे. ब्रसेल्सचा वैद्य व्हान हेल्मॉंट यानें दोनशें पौंड वाळविलेली माती एका कुंडींत भरली, तींत पांच पौंड वजनाचें वाळुंजाचें रोप लावलें, आणि पांच वर्षें त्याला पाण्यावांचून दुसरें कांहीं घातलें नाहीं. पांच वर्षांनंतर झाड १६९ पौंडांहून थोडें अधिक भरलें. माती पुन्हां वाळवून तोलली तेव्हां तींत सुमारें दोन औंसांचीच तूट आली. त्यावरून लांकूड, साल व मुळें हीं सर्व केवळ पाण्याचींच झालीं, असें अनुमान त्यानें काढलें. हा वृत्तांत त्याच्या मृत्यूनंतर १६४८ सालीं छापला गेला व पुष्कळांनीं तो प्रमाण मानला. चमत्कार असा कीं, ‘गॅस’ हा शब्द याच हेल्मॉंटनें बनविला, आणि कोळसा जळतांना निघणारा वायु त्याच्या चांगला परिचयाचा होता. परंतु झाडानें आपलें अंग त्याच वायूंतून घेतलें असेल, ही शंका त्याच्या मनाला शिवली नाहीं. कुंडींतील सर्व त्यानें तोललें. हवा तेवढी तोलावयाची राहिली.

पाण्याची माती होते या समजुतीला दुसराहि एक आधार होता. ऊर्ध्वपातन करून कितीहि शुद्ध केलेलें पाणी कांचेच्या भांड्यांत आटविलें तरी तळाशीं थोडा गाळ राहतोच. हा गाळ कोठून येतो, हें पाहण्यासाठीं पॅरिसच्या आंत्वान लाव्हाझिए यानें १७६८ च्या ऑक्टोबरांत एका विशिष्ट कांचपात्रांत पाणी भरलें. त्या पात्राची तोटी मागें वळून पुन्हां त्याच्याच पोटांत शिरत असे; त्यामुळें वर चढलेली वाफ निवून परत खालीं येई व बाहेर कांहींच जात नसे. हें पात्र त्यानें १०१ दिवस आंचेवर ठेवलें. अखेरीस पात्र व पाणी मिळून वजन जसेंच्या तसें भरलें. मग त्यानें पाणी ओतून नुसतें पात्र तोललें, तों तें सुमारें १७ ग्रेनांनीं हलकें झालेलें होतें. गाळ आणि पाणी आटवून मिळालेला अवशेष हे दोन्ही मिळून सुमारें २० ग्रेन भरले. तेव्हां माती पाण्याची झाली नव्हती. कांचच थोडी थोडी विरघळून पाण्यांत उतरली होती. तीन ग्रेनांचा जो फरक राहिला तो त्यानें प्रयोगांतील किरकोळ दोषांच्या खातीं टाकला. लाव्हाझिएचें मुख्य हत्यार ताजवा हें होतें, ही गोष्ट वाचकांनीं येथें लक्षांत ठेवावी. त्याच साली तो सरकारी करांच्या इजाऱ्यांत भागीदार झाला होता. जमेची व खर्चाची बाजू जुळलीच पाहिजे, हा त्या धंद्यांतील दंडक त्यानें रसायनशाळेंतहि लागू केला असें म्हणावयास हरकत नाहीं.

आतां त्या दोन वायूंकडे वळूं. हेन्री कॅव्हेंडिश यानें १७६६ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें असें दाखविलें कीं, जस्त, लोखंड किंवा कथील सौम्य अम्लांत टाकलें असतां जे बुडबुडे येतात, त्यांतील हवा पेटते आणि ती साध्या हवेहून पुष्कळ पटींनीं हलकी असते. हाच आपला हायड्रोजन. कॅव्हेंडिश हा एका ड्यूकचा नातू. पुढें अपार संपत्ति त्याच्याकडे आली. पण स्वभाव असा कीं, नोकरांशीं बोलावें लागूं नये म्हणून जेवणाची आज्ञा चिठ्ठीवर लिहून ठेवावी, आणि परका मनुष्य समोर आला कीं वाट बदलून निघून जावें. कीर्तीची हांव तर त्याला नव्हतीच. त्याचे विजेसंबंधींचे पुष्कळ प्रयोग त्याच्या कागदांत तसेच पडून राहिले, ते मॅक्स्वेलनें १८७९ सालीं, म्हणजे तो वारल्यावर जवळ जवळ सत्तर वर्षांनीं, उजेडांत आणले. दुसरा वायु ऑक्सिजन. तो जोसेफ प्रीस्टले यानें १७७४ च्या ऑगस्टांत पाऱ्याचें तांबडें भस्म भिंगाखालीं तापवून काढला. हा प्रीस्टले धर्मोपदेशक असून प्रयोगांत विलक्षण चपळ होता. मात्र तोलून मापून निर्णय करण्याचा सोस त्याला नव्हता.

त्या काळचे बहुतेक रसायनज्ञ फ्लॉजिस्टन नांवाचें एक तत्त्व मानीत. जो पदार्थ जळतो त्यांत हें दाह्यतत्त्व भरलेलें असतें व जळतांना तें बाहेर पडतें, अशी ही उपपत्ति. कोळसा जवळ जवळ सगळा जळून जातो, म्हणजे त्यांत फ्लॉजिस्टन विपुल; धातूचें भस्म होतें, म्हणजे त्यांतील फ्लॉजिस्टन निघून जातें. मग भस्म मूळच्या धातूपेक्षां वजनानें जास्त कसें भरतें? ही अडचण पुष्कळांस ठाऊक होती. पण सोईच्या उपपत्तीला अशा अडचणी बराच काळ पचतात. प्रीस्टलेच्या नव्या हवेंत दिवा झगझगीत जळे, म्हणजे ती हवा फ्लॉजिस्टन अधाशासारखें ओढून घेई. म्हणून तिला नांव मिळालें फ्लॉजिस्टनविरहित हवा. उलट कॅव्हेंडिशची पेटती हवा धातूंतून निघे, म्हणून ती फ्लॉजिस्टनच असावी असें वाटूं लागलें. पुढल्या सगळ्या घोटाळ्याचें बीज या दोन नांवांत आहे.

पेटती हवा जळली म्हणजे तिचें होतें काय? पॅरिसचा माकेर यानें १७७६–७७ च्या सुमारास तिच्या ज्योतीवर चिनीमातीची पांढरी बशी धरली. काजळी धरते काय हें त्याला पाहावयाचें होतें. पण बशी स्वच्छ राहिली आणि तिच्यावर पाण्यासारखे थेंब जमले. त्यानें तें नमूद केलें व तो पुढें गेला. १७८१ मध्यें प्रीस्टले व त्याचा स्नेही वॉल्टायर यांनीं बंद भांड्यांत पेटती हवा साध्या हवेंत मिसळून विजेची ठिणगी पाडली. भांड्याच्या आंतून दंव दिसलें. पण वॉल्टायर शोधीत होता उष्णतेचें वजन. स्फोटांत उष्णता निघून जाते, तेव्हां भांडें थोडें हलकें झालें पाहिजे, आणि तसें तें झालें असें त्याला वाटलेंहि. दंवाविषयीं त्याची समजूत अशी कीं, साध्या हवेंत ओलावा असतोच, तो बाहेर पडला. तिघां जाणत्या माणसांच्या डोळ्यांसमोर दंव जमलें, आणि तें कशाचें हें तिघांपैकीं एकालाहि कळलें नाहीं.

कॅव्हेंडिशनें ही हकीकत वाचून त्याच वर्षीं तो प्रयोग पुन्हां केला. वजनांत घट येत नाहीं, हें त्यानें प्रथम ठरविलें. मग तो त्या दंवाच्या मागें लागला. एक हजार माप साध्या हवेंत ४२३ माप पेटती हवा घातली, तर पेटती हवा जवळ जवळ सर्व आणि साधी हवा सुमारें एक पंचमांश नाहींशी होते व त्यांचें दंव बनतें, हें प्रमाण त्यानें बसविलें. परंतु दंव म्हणजे काय हें नुसतें पाहून कसें ठरावें? म्हणून त्यानें पांच लक्ष ग्रेन पाणी मावेल एवढी पेटती हवा घेतली, तिच्या अडीच पट साधी हवा घेतली, आणि दोन्ही एकत्र जाळून निघणारी वाफ आठ फूट लांबीच्या कांचेच्या नळींतून नेली. नळींत १३५ ग्रेन पाणी जमलें. त्याला चव नव्हती, वास नव्हता, आणि तें आटविलें तेव्हां मागें गाळ राहिला नाहीं. थोडक्यांत, तें साधें शुद्ध पाणी होतें. दोन शुद्ध वायू जाळले तेव्हां पेटत्या हवेचीं दोन मापें व प्रीस्टलेच्या हवेचें एक माप, असें जवळ जवळ अचूक प्रमाण त्याला आढळलें.

हें सर्व १७८१ त झालें असतां त्याचा निबंध रॉयल सोसायटीपुढें वाचला गेला तो १५ जानेवारी १७८४ रोजीं. मधल्या अडीच वर्षांत काय झालें? दोन शुद्ध वायू जाळून जें पाणी मिळे तें कधीं कधीं किंचित् आंबट येई. दुसरा कोणी असता तर त्यानें मुख्य गोष्ट छापून मोकळें केली असती. कॅव्हेंडिशला त्या आंबटपणाचें कारण कळल्याखेरीज चैन पडेना. तें नत्राम्ल आहे, आणि वायूंत चुकून राहिलेल्या थोड्याशा नत्रवायूपासून तें होतें, हा निर्णय करण्यांत त्याचा पुष्कळ काळ गेला. त्याच शोधाच्या ओघांत पुढें त्यानें हवेंतील सगळ्या नत्रवायूचें विजेच्या ठिणग्यांनीं अम्ल करून पाहिलें, तेव्हां एक इवलासा बुडबुडा, मूळच्या नत्रवायूच्या १/१२० हून मोठा नव्हे, कांहीं केल्या उरला. १७८५ सालच्या निबंधांत त्यानें तो आंकडा जसाच्या तसा नोंदवून ठेवला. १८९४ सालीं रॅले व रॅम्से यांस आर्गॉन नांवाचा नवा वायु सांपडला, तो या बुडबुड्यांत होता! प्रयोगांतील इतका इमान इतिहासांत क्वचितच आढळेल.

पण या इमानी माणसानें आपल्या प्रयोगाचा अर्थ काय लावला? तो म्हणतो कीं, प्रीस्टलेची हवा म्हणजे फ्लॉजिस्टन काढून घेतलेलें पाणी, आणि पेटती हवा म्हणजे बहुतकरून फ्लॉजिस्टन जोडलेलें पाणी; दोन्ही एकत्र आल्या कीं फ्लॉजिस्टनची देवघेव होऊन पाणी मोकळें होतें. म्हणजे पाणी दोहोंतहि आधींपासून आहेच! तें घडत नाहीं, नुसतें प्रकट होतें. सर्व आंकडे हातांत असून मूलतत्त्वाची जुनी समजूत त्यानें मोडली नाहीं. मात्र लाव्हाझिएच्या पद्धतीनेंहि या गोष्टी जवळ जवळ तितक्याच नीट उलगडतात, हें त्याच निबंधांत त्यानें मोकळ्या मनानें कबूल केलें आहे.

मध्यंतरीं जेम्स वॅट पुढें आला. बर्मिंगहॅमला प्रीस्टले त्याचा शेजारी व स्नेही. प्रीस्टलेचे प्रयोग ऐकून वॅटनें २६ एप्रिल १७८३ रोजीं त्यास पत्र लिहिलें कीं, पाणी हें फ्लॉजिस्टनविरहित हवा व फ्लॉजिस्टन यांचें बनलेलें असून त्यांतून सुप्त उष्णतेचा कांहीं भाग निघून गेलेला आहे. वाफ व सुप्त उष्णता यांच्या विचारांत ज्याचें आयुष्य गेलें, त्याला उष्णतेची आठवण व्हावी हें साहजिकच. हें पत्र रॉयल सोसायटीपुढें वाचावयाचें होतें. पण प्रीस्टलेच्या नव्या प्रयोगांनीं वॅटच्या मनांत संशय उत्पन्न केला, आणि त्यानें वाचन थांबविण्यास सांगितलें. पत्र मात्र सोसायटीच्या कांहीं सभासदांच्या हातांतून फिरलें. पुढें कॅव्हेंडिशचा निबंध वाचला गेल्यावर डेल्यूक नांवाच्या मित्रानें वॅटच्या मनांत भरविलें कीं, तुझी कल्पना चोरली गेली. वॅट संतापला. एक फ्रान्सचा सावकार आणि दुसरा लाखों पौंडांचा धनी असून हजार पौंडहि न खर्चणारा. श्रीमंतांनाहि हलकीं कृत्यें करतां येतात, अशा आशयाचें त्याचें खाजगी पत्र उपलब्ध आहे. त्याची कल्पना १७८४ च्या एप्रिलांत सोसायटीपुढें वाचण्यांत आली.

‘फ्रान्सचा सावकार’ म्हणजे अर्थात् लाव्हाझिए. त्याला फार दिवसांपासून कोडें पडलें होतें. गंधक जाळला तर अम्ल होतें, फॉस्फरस जाळला तर अम्ल होतें. पेटती हवा जाळली तर कोणतें अम्ल व्हावें? तो अम्ल शोधीत होता आणि तें सांपडत नव्हतें. १७८३ च्या जूनमध्यें कॅव्हेंडिशचा मदतनीस चार्ल्स ब्लॅग्डेन पॅरिसला गेला व त्यानें लंडनचे प्रयोग सांगितले. पाणी हें नांव ऐकून लाव्हाझिए व लाप्लास यांना प्रथम विश्वासच वाटेना. २४ जून रोजीं त्यांनीं ब्लॅग्डेन व इतर कांहीं मंडळींच्या समक्ष दोन्ही वायू जाळून पाहिले. जें पाणी मिळालें तें वीस ग्रॅमहि भरलें नाहीं, आणि किती वायु जळला हें नीट मोजलेंहि गेलें नव्हतें. तरी दुसऱ्याच दिवशीं विद्वन्मंडळास कळविण्यांत आलें कीं, पाणी हें मूलतत्त्व नव्हे. पाण्याचें वजन दोन वायूंच्या वजनाइतकेंच असलें पाहिजे, कारण संपूर्ण वस्तु तिच्या अवयवांच्या बेरजेइतकीच असते, असा त्याचा युक्तिवाद होता. मापण्याच्या ठिकाणीं त्यानें येथें भूमितीचें गृहीत घातलें! ताजव्याच्या माणसानें घाईनें ताजवा बाजूला ठेवावा, याचें कारण उघड आहे. लंडनची बातमी आतां आणखी फार दिवस गुप्त राहणार नव्हती.

त्याच्या छापील निबंधांत कॅव्हेंडिशचा उल्लेख आहे, पण तो ओझरता. ब्लॅग्डेननें आपणांस कॅव्हेंडिशच्या प्रयोगाविषयीं सांगितलें एवढें तो म्हणतो. त्या बातमीनें आपला मार्गच बदलला, हें म्हणत नाहीं. ब्लॅग्डेननें पुढें १७८६ सालीं एका जर्मन नियतकालिकांत याविषयीं जाहीर तक्रार केली, आणि ती आम्हांस न्याय्य वाटते. दुसऱ्याच्या ज्ञानाचें ऋण सांगण्यांत लाव्हाझिएनें पुष्कळदां असाच हात आंखडता घेतला. प्रीस्टलेच्या ऑक्सिजनच्या बाबतींतहि तेंच झालें होतें.

असो. परंतु यानंतर लाव्हाझिएनें जें केलें तें इतरांपैकीं कोणींहि केलें नाहीं. पाणी जर दोहोंचें बनलें असेल तर तें फुटलेंहि पाहिजे. योगायोगानें त्याच वर्षीं फ्रान्सांत विमानांचें वेड संचरलें होतें. २७ ऑगस्ट १७८३ रोजीं शार्ल यानें हायड्रोजनानें भरलेला पहिला मोठा फुगा पॅरिसमधून उडविला. फुग्यांसाठीं हायड्रोजन स्वस्तांत कसा काढावा याचा विचार विद्वन्मंडळानें चालविला, आणि लष्करी इंजिनिअर मनिए लाव्हाझिएच्या जोडीला आला. दोघांनीं बंदुकीची लोखंडी नळी लालभडक तापवून तींतून पाणी थेंब थेंब सोडलें. लोखंडानें ऑक्सिजन धरून ठेवला, लोखंडाचें वजन वाढलें, आणि दुसऱ्या तोंडांतून हायड्रोजन बाहेर पडला. हा वृत्तांत १७८४ च्या एप्रिलांत वाचला गेला. मग १७८५ च्या फेब्रुवारीअखेर, विद्वन्मंडळानें नेमलेल्या पुष्कळ साक्षीदारांसमोर, वायु मोजण्याचीं मोठालीं यंत्रें मांडून पाणी फोडण्याचा व पुन्हां जोडण्याचा प्रयोग कित्येक तास चालला. या वेळीं मात्र सर्व तोललें गेलें. शंभर भाग पाण्यांत ८५ भाग ऑक्सिजन व १५ भाग हायड्रोजन, हा त्याचा हिशेब. खरें प्रमाण ८८·८ व ११·२ असें आहे. पण न्यायासनापुढें साक्ष पुरेशी झाली. पुढें थोड्याच वर्षांत फ्लॉजिस्टनच्या पक्षांतील एकेक मोहरा लाव्हाझिएकडे आला.

१७८७ सालीं लाव्हाझिए व त्याचे तीन सहकारी यांनीं रसायनशास्त्राची नवी परिभाषा रचली, आणि पेटत्या हवेला ‘पाण्याचा जनक’ या अर्थाचें हायड्रोजन हें नांव मिळालें. मराठींतील जुन्या रसायनलेखनांत याच वायूला उज्ज म्हटलेलें आढळतें. उद म्हणजे पाणी. पण जलज, पंकज या धर्तीवर वाचलें तर उज्ज म्हणजे पाण्यापासून जन्मलेला. फ्रेंच नांवांत जो बाप आहे तो आमच्या नांवांत मुलगा झाला! शास्त्रदृष्ट्या दोन्ही नांवें खरीं आहेत: जाळला तर पाणी देतो, पाणी फोडलें तर त्यांतून निघतो. ऑक्सिजन या नांवाचें दैव मात्र खोटें निघालें. त्याचा अर्थ अम्लाचा जनक. आणि मिठाच्या अम्लांत ऑक्सिजन नाहींच असें डेव्हीनें १८१० सालीं ठरविलें.

प्रीस्टलेनें हें कांहींएक मान्य केलें नाहीं. १७९१ सालीं बर्मिंगहॅमच्या दंग्यांत त्याचें घर व प्रयोगशाळा जाळली गेली. तीन वर्षांनीं तो अमेरिकेस निघून गेला, आणि तेथून १८०० सालीं फ्लॉजिस्टनचें मंडन व पाण्याच्या संयुक्तपणाचें खंडन करणारें पुस्तक त्यानें प्रसिद्ध केलें. तोंपर्यंत लाव्हाझिए जिवंत नव्हता. ८ मे १७९४ रोजीं इतर इजारदारांबरोबर त्याचाहि शिरच्छेद झाला. मनिए त्याआधींच १७९३ त माइन्ट्सच्या वेढ्यांत जखमी होऊन मेला होता. प्रीस्टलेच्या पुस्तकाच्याच वर्षीं, व्होल्टानें केलेल्या नव्या विद्युन्मालेची बातमी लंडनला येतांच, निकल्सन व कार्लाइल यांनीं तिच्या तारा पाण्यांत बुडविल्या, आणि एका तारेपाशीं हायड्रोजन व दुसरीपाशीं ऑक्सिजन निघूं लागला. इतक्या सोप्या रीतीनें पाणी फुटल्यावर वाद उरण्याचें कारण नव्हतें. तरी एक गांठ राहिलीच. आकारमानानें दोनास एक हें प्रमाण गे-ल्युसॅक व हुंबोल्ट यांनीं १८०५ त पक्कें केलें असतां, डाल्टन पाण्यांत दोन्हींचा एकेकच परमाणु धरी. आव्होगाड्रोनें १८११ सालीं वाट दाखविली, पण तिकडे कोणी पाहिलें नाहीं. १८६० सालीं कार्ल्सरूह येथील परिषदेंत कानिझारोनें ती पुन्हां दाखविली, तेव्हां कोठें दोन परमाणूंचें आजचें सूत्र हळूहळू रूढ झालें.

मग श्रेय कोणाचें? शोध लावणें म्हणजे पहिल्यानें पाहणें असें म्हटलें, तर तें माकेरच्या बशीला द्यावें लागेल. पहिल्यानें योग्य शब्द उच्चारणें म्हटलें, तर वॅटचा हक्क मोठा, कारण पाणी हें दोहोंचें बनलें आहे असें लिहिण्यांत कॅव्हेंडिशच्या आधीं त्याचा हात चालला. पण त्या दोहोंपैकीं एक जें फ्लॉजिस्टन, तें त्याच्या हिशेबीं कोळशांतहि होतें व धातूंतहि होतें. पेटती हवा म्हणजे नेमका कोणता वायु, हेंच त्याला निश्चित नव्हतें. शिवाय ज्या प्रयोगावर त्यानें बांधणी केली तो मूळचा कॅव्हेंडिशचाच. घटना सिद्ध करण्याचें श्रेय कॅव्हेंडिशचें, हें आमच्या मतें निर्विवाद आहे. मात्र तीच घटना त्याच्या लेखणींतून उतरली तेव्हां पाणी मूलतत्त्वच राहिलें. तें तसें नाहीं हें स्पष्ट शब्दांत म्हणणें, म्हटलेलें जोडून व फोडून दोन्ही बाजूंनीं ताजव्यावर सिद्ध करणें, आणि त्यासाठीं साऱ्या शास्त्राची भाषा बदलावी लागली तर ती बदलणें, हें काम लाव्हाझिएचें. त्याची कृपणता खरी आणि त्याची दृष्टि हीहि खरी. एकीच्या रागानें दुसरी नाकारण्याचा मोह इंग्रज लेखकांना झाला, आणि दुसरीच्या प्रेमानें पहिली झांकण्याचा मोह फ्रेंचांना. दोघांचेंहि आम्हांला देणें नाहीं, तेव्हां तराजू धरावयास आपण बरे.

खरें भांडण पेटलें तें नंतर. पॅरिसच्या आरागोनें वॅटच्या गौरवाचें भाषण लिहिलें, तें १८३९ त छापून आलें. त्यांत पाण्याचा शोध वॅटचा, असें ठासून म्हटलेलें होतें. त्याच वर्षीं बर्मिंगहॅम येथें ब्रिटिश असोसिएशनच्या अध्यक्षपदावरून व्हर्नन हारकोर्टनें कॅव्हेंडिशची बाजू मांडली, आणि त्याच्या टांचणवह्यांच्या प्रतिकृति छापून १७८१ हें साल सर्वांस दाखविलें. वॅटच्या पक्षानें १८४६ त त्याचा पत्रव्यवहार प्रसिद्ध केला. जॉर्ज विल्सननें १८५१ सालीं कॅव्हेंडिशचें चरित्र लिहिलें, त्यांतील फार मोठा भाग या एकाच वादानें व्यापलेला आहे. दोन छापखान्याच्या चुकांनीं आगींत तेल ओतलें. कॅव्हेंडिशच्या निबंधाच्या सुट्या प्रतींवर १७८४ च्या जागीं १७८३ छापलें गेलें, आणि वॅटच्या पत्रावर १७८३ च्या जागीं १७८४. दोन्ही चुका वॅटच्याच विरुद्ध पडल्या, आणि दोन्ही निबंधांच्या छपाईवर देखरेख होती ती ब्लॅग्डेनची. यावरून कपटाचा वास पुष्कळांना आला. परंतु चुका लक्षांत येतांच ब्लॅग्डेननें त्या दुरुस्त करण्याची खटपट केली, आणि कॅव्हेंडिशला तर त्यांची गरजच नव्हती. कैवाऱ्यांनीं एकमेकांना पाण्यांत पाहिलें, इतकाच त्याचा निष्कर्ष.

ज्या दोघांच्या नांवानें हे सगळे लढले, त्यांची गोष्ट निराळी आहे. १७८५ च्या उन्हाळ्यांत कॅव्हेंडिश ब्लॅग्डेनला बरोबर घेऊन इंग्लंडच्या कारखान्यांचा प्रांत पाहावयास निघाला. वाटेंत बर्मिंगहॅमला तो वॅटकडे गेला, आणि परक्याला पाहून पळणाऱ्या या माणसानें तेथें वाफेच्या यंत्रांची बारकाईनें माहिती करून घेतली. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत वॅटची रॉयल सोसायटीचा सभासद म्हणून निवड झाली.